सल्ला आपला, निर्णय दुसऱ्याचा: मग कर्म कोणाचं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



बडोद्याच्या एका गुरुभगिनींनी मागे गटावर एक प्रश्न पाठवला होता. त्यांचे चिरंजीव परदेशात आपल्या एका दूतावासात सुरक्षा आणि प्रादेशिक धोरण या विषयांचे सल्लागार म्हणून काम करतात. ताईंनी विचारलं होतं, "तो फक्त सल्ला देतो. निर्णय राजदूत साहेबांचा, आणि त्यांच्याही वर दिल्लीचा. उद्या त्याच्या सल्ल्यावरून काही बरं-वाईट झालं तर ते कर्म कोणाच्या खात्यावर लिहिलं जातं? आणि त्याने नीट सांगूनही कोणी ऐकलं नाही, माणसं गेली, तर त्याने रात्री झोपायचं कसं?"

त्या दिवशी गटावर हात जोडलेली चित्रं बरीच आली, उत्तर मात्र राहून गेलं. या अंकात थोडा प्रयत्न करू या.

*आधी काम समजून घेऊ*

दूतावास म्हटलं की आपल्याला व्हिसाची रांग आठवते. आत बसलेल्या या सल्लागाराचं काम वेगळं असतं. तो तिथली वर्तमानपत्रं वाचतो, जमलं तर तिथल्याच भाषेत. अधिकारी, पत्रकार, प्राध्यापक, व्यापारी, दुसऱ्या देशांच्या दूतावासांतले लोक यांना भेटत राहतो. शेजारी देशांशी त्या देशाचं कसं चाललंय, सीमेवर सैन्य का हललं, निवडणुकीनंतर कोणाचं वजन वाढेल, आपल्या माणसांना तिथे धोका आहे का, हे सगळं ताडून तो लिहितो, आणि ते राजदूतांमार्फत दिल्लीला जातं.

१९६१ च्या व्हिएन्ना करारात दूतावासांची कामं सांगितली आहेत. त्यातलं एक काम हेच आहे: यजमान देशातली परिस्थिती कायदेशीर मार्गांनी जाणून घ्यायची आणि आपल्या सरकारला कळवायची. आणि त्याच करारात मर्यादाही आहे, की त्या देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही.

हे काम कागदी वाटतं, पण २०२३ चा एप्रिल आठवा. सुदानमध्ये लढाई पेटली आणि 'ऑपरेशन कावेरी'त आपल्या लोकांना बसने पोर्ट सुदानला आणि तिथून जहाजाने, विमानाने जेद्दाला आणलं. अशा वेळी आज कोणता रस्ता सुरक्षित, बस आत्ता सोडायची की सकाळपर्यंत थांबायचं, हे कोणीतरी सांगावं लागतं. सांगणारा एक वाक्य लिहितो, आणि त्या वाक्यावर पन्नास माणसं बसमध्ये चढतात.

आपल्या लोकांना हे काम नवं नाही. पेशवाईत याच कामाच्या माणसाला 'वकील' म्हणत. हैदराबादेत निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे पेशव्यांचे वकील होते. तिकडच्या दरबाराची नस ओळखून पुण्याला नाना फडणविसांना कळवायचं, ही त्यांची जबाबदारी. १७९५ ला खर्ड्याची लढाई झाली, त्याआधीची सगळी बोलणी अशा वकिलांच्या तोंडूनच चालत होती.

आणि इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद इथल्या मंडळींना 'रेसिडेन्सी' हा शब्द तर घरचाच. तिथे राहणारा इंग्रज रेसिडेंट कागदोपत्री दूतच होता. तैनाती फौजेचे तह झाले आणि हळूहळू त्याचा सल्ला म्हणजे हुकूम होऊन बसला. संस्थानिकाला 'नाही' म्हणायची सोय उरली नाही. तिथे सल्ल्याचं नाव राहिलं, सल्ला गेला. खरा सल्ला तोच, जो समोरच्याला नाकारता येतो.

ताईंच्या प्रश्नाची गाठ इथेच आहे. सल्ला नाकारता येतो, म्हणजे निर्णय घेणाऱ्याचा. मग सल्ला देणाऱ्याचं काय उरतं?

*सोपं उत्तर आणि त्याची उणीव*

आपल्यापैकी बरेच जण लगेच म्हणतील, फळाची आशा सोडावी, आपण आपलं काम करावं, बाकी वरच्यांचं वरचे बघतील. उत्तर चुकीचं नाही, पण घाईचं आहे. फळावर हक्क नाही म्हणजे कर्माशीही संबंध नाही, असं होत नाही. सल्लागाराचा शब्द हेच त्याचं कर्म. सुताराने टेबल विकल्यावर त्यावर कोण काय ठेवेल ते त्याच्या हातात नाही. पण पाय डगमगता ठेवला असेल, तर ते त्याचंच.

तेव्हा विचारायचं ते असं: शब्दाचा पाय कशाने डगमगतो? इतिहासातल्या तीन माणसांकडे बघू. तिघांचंही काम आपल्या ताईंच्या मुलासारखंच, परक्या देशात बसून बघायचं आणि आपल्या सरकारला कळवायचं.

*पहिले: सरदार पणिक्कर, पेकिंग, १९५०*

सरदार के. एम. पणिक्कर चीनमध्ये आपले राजदूत होते. कोरियात युद्ध चालू होतं. २ ऑक्टोबरची रात्र उलटून ३ तारीख लागली, आणि मध्यरात्रीनंतर चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी त्यांना बोलावून घेतलं. निरोप स्पष्ट होता: अमेरिकन सैन्याने ३८ वी अक्षांश रेषा ओलांडली, तर चीन युद्धात उतरेल. पणिक्करांनी ते तातडीने दिल्लीला कळवलं, दिल्लीने लंडन आणि वॉशिंग्टनला. वॉशिंग्टनने विश्वास ठेवला नाही. पणिक्कर चीनच्या बाजूने बोलतात, असं त्यांच्याबद्दल तिथे मत झालेलं होतं. सैन्याने रेषा ओलांडली, त्याच महिन्यात चिनी फौजा कोरियात शिरल्या आणि युद्ध १९५३ च्या जुलैपर्यंत लांबलं. इशारा अक्षरशः खरा ठरला.

आता त्याच माणसाची, त्याच महिन्याची दुसरी बाजू. १९५० च्या ऑक्टोबरमध्येच चिनी सैन्य तिबेटमध्ये घुसलं. ७ नोव्हेंबरला सरदार पटेलांनी पंडित नेहरूंना एक लांब पत्र लिहिलं. आपले राजदूत चीनच्या कृतींना कारणं शोधून देण्यात फार श्रम घेत आहेत, अशा अर्थाची तक्रार त्यात आहे.

एकच माणूस, एकच महिना. एका ठिकाणी त्यांचं बोलणं खरं होतं आणि कोणी मानलं नाही. दुसऱ्या ठिकाणी ते यजमानाच्या नजरेने बघतात, असं आपल्याच घरच्या माणसाला वाटलं. पटेल बरोबर की पणिक्कर, यावर इतिहासकार वाद घालोत. आपल्यासाठी त्यातली खूण वेगळी आहे. परक्या घरी वर्षानुवर्षं राहिलं, त्यांचं मीठ खाल्लं, त्यांची भाषा कळायला लागली, की माया जडते. माया वाईट नाही. तिच्याशिवाय समोरच्याचं मन कळत नाही. पण माया जडली की शब्दाला एक बाजू झुकती येते. पुढे खरं सांगायची वेळ येते तेव्हा लोक म्हणतात, 'हा तर त्यांचाच माणूस.' आसक्ती फक्त पैशाची आणि पोराबाळांची असते, असं थोडंच आहे? आपल्या अभ्यासाच्या विषयावरही ती जडते.

*दुसरे: आर्चर ब्लड, ढाका, १९७१*

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी सैन्याने ढाक्यात कत्तल सुरू केली. आर्चर ब्लड तिथे अमेरिकेचे महावाणिज्यदूत होते. ते आणि त्यांचे सहकारी रोज वॉशिंग्टनला कळवत होते, की इथे काय चाललंय. वॉशिंग्टनला ते ऐकायचं नव्हतं, कारण राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि किसिंजर यांना चीनशी गुप्त संधान बांधायचं होतं आणि त्याची वाट पाकिस्तानच्या याह्याखानांमधून जात होती. ६ एप्रिलला ढाक्यातल्या २० अमेरिकन अधिकाऱ्यांच्या सह्यांची तार गेली: आपल्या सरकारच्या धोरणाशी आम्ही असहमत आहोत, इथे लोकशाही चिरडली जात असताना आपण बोलत नाही. ब्लड यांनी ती अडवली नाही. स्वतःच्या अधिकारात पाठवली आणि वर पाठिंबाही नोंदवला.

धोरण बदललं नाही. ब्लड यांना मुदतीआधी ढाक्यातून परत बोलावलं गेलं, आणि बढतीचा चढता आलेख तिथेच थांबला.

इथे आसक्ती दुसऱ्या बाजूची. पणिक्करांच्या बाबतीत शंका यजमानाच्या मायेची होती. ब्लड यांच्यासमोर मोह होता तो मालकाच्या मर्जीचा. मालकाला काय आवडेल हे कळल्यावर त्याच्या आवडीचं लिहिणं फार सोपं असतं. त्यात खोटं बोलावंही लागत नाही. 'परिस्थिती गुंतागुंतीची आहे' एवढं लिहिलं तरी भागतं. एक वाक्य जरा मऊ केलं, एक आकडा पुढच्या पानावर ढकलला, की झालं. असत्य त्या मऊपणात लपतं.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. ब्लड यांनी तार वर्तमानपत्राला दिली नाही, चौकात उभं राहून सरकारवर आरोप केले नाहीत. जिथे बोलायचं तिथे, ज्याला सांगायचं त्याला, पाठिंबा नोंदवून सांगितलं. बाहेरच्यापुढे गुपित राखणं हे असत्य नव्हे, ती त्या कामाची मर्यादा आहे. पण आतल्या माणसाला, ज्याने आपल्याला डोळे म्हणून तिथे बसवलंय त्यालाच अंधारात ठेवणं, हा त्या कामातला सगळ्यात मोठा अपराध.

*तिसरे: जॉर्ज केनन, मॉस्को, १९४६*

पहिल्या दोघांचं ऐकलं नाही. तिसऱ्याचं ऐकलं, आणि तेच त्यांना जड गेलं.

जॉर्ज केनन मॉस्कोच्या अमेरिकन दूतावासात होते. २२ फेब्रुवारी १९४६ ला त्यांनी वॉशिंग्टनला एक तार पाठवली. इतकी लांबलचक, की इतिहासात तिचं नावच 'लाँग टेलिग्राम' पडलं. सोव्हिएत राज्यकर्त्यांच्या वागण्यामागे जुनी असुरक्षितता आहे, ठाम विरोध दिसला की ते मागे सरतात, असा तिचा आशय. वॉशिंग्टनने ती डोक्यावर घेतली. पुढच्या वर्षी त्यांनी 'एक्स' या टोपणनावाने लेख लिहिला, आणि सोव्हिएत विस्ताराला बांध घालायचा हे धोरण अमेरिकेने अनेक दशकं चालवलं.

पण केनन यांच्या मनात होता तो मुख्यतः राजकीय बांध. सरकारने घातला तो लष्करी. सैन्याचे तळ, शस्त्रांची चढाओढ, हे सगळं त्यांच्याच शब्दाच्या आधाराने वाढत गेलं. पुढे आयुष्यभर ते सांगत राहिले, की माझं म्हणणं हे नव्हतं. मात्र आत्मचरित्रात त्यांनी हेही मान्य केलं, की आपण ते लिहिताना पुरेसं स्पष्ट केलं नव्हतं. २००५ मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी ते गेले.

'मी सांगितलं एक, त्यांनी केलं दुसरं' एवढं म्हणून ते गप्प बसले नाहीत. शब्द सोडला की तो आपला राहत नाही हे खरं, पण तो भलतीकडे चालला असं दिसलं तर पुन्हा बोलणं आपल्या हातात असतं.

*सत्य, प्रिय आणि हित*

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय. बोलणं समोरच्याला उद्विग्न न करणारं असावं, खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचं असावं. आपण पाठ करतो तेव्हा हे सगळं एका दमात येतं. दूतावासातल्या टेबलावर मात्र या गोष्टी एकमेकींशी भांडायला लागतात. युद्ध येतंय, हे खरं आहे, हिताचंही आहे. ते प्रिय कसं करायचं? आणि ऐकणारा उद्विग्न होणार नाही, असं कसं सांगायचं?

विदुराची रात्र आठवा. पांडवांकडून संजय परत आला होता, आणि निरोप सकाळी सभेत सांगणार होता. धृतराष्ट्राला झोप लागेना. त्याने विदुराला बोलावलं. आपण ज्याला विदुरनीती म्हणतो ती त्या रात्री सांगितलेली. विदुर ओरडला नाही, घाबरवलं नाही, आणि एक अक्षर मऊही केलं नाही. पांडवांचा वाटा द्या, हे त्याने सरळ सांगितलं. धृतराष्ट्राला पटलं. पण दुर्योधन समोर आला की माझं मन फिरतं, हेही त्याने कबूल केलं. पुढचं आपल्याला माहीतच आहे.

तर उद्विग्न न करणं म्हणजे वाईट बातमी दडवणं नव्हे. बातमीत स्वतःचा उद्वेग मिसळू नये, इतकाच त्याचा अर्थ. माझी भीती, माझा राग, 'बघा, मी म्हणत नव्हतो का' हा माझा अहंकार, हे सगळं बाजूला काढून उरतं ते सांगायचं. आणि प्रिय म्हणजे गोडगोड नव्हे. ऐकणाऱ्याला कळावं की हा माझ्याविरुद्ध बोलत नाही, माझ्यासाठी बोलतोय. विदुराबद्दल धृतराष्ट्राला ही खात्री होती. एकदा रागाच्या भरात त्याला घालवून दिलं, तरी करमेना म्हणून पुन्हा बोलावून घेतलं.

*शब्दाचे तीन कप्पे*

यातून कामाला येईल असं एक साधन निघतं. सल्ला देण्याआधी मनात तीन कप्पे करावेत. मी स्वतः काय पाहिलं? मी काय ऐकलं, आणि कोणाकडून? माझा अंदाज काय? तिन्ही सांगावेत, पण एकमेकांत कालवू नयेत. 'पुलावर रणगाडे पाहिले', 'एका अधिकाऱ्याने सांगितलं की उद्या रस्ता बंद होणार', 'मला वाटतं संध्याकाळपर्यंत वेळ आहे', ही तीन वाक्यं वेगवेगळी लिहिली, तर निर्णय घेणाऱ्याला कशावर किती भार टाकायचा ते कळतं. अंदाज डोळ्यांनी पाहिल्याच्या थाटात लिहिला, तर सह्या वरच्यांच्या असल्या तरी निर्णय गुपचूप आपणच घेतलेला असतो. तेव्हा मात्र ते कर्म आपल्याच खात्यावर.

आता ताईंना उत्तर. निर्णयाचं कर्म निर्णय घेणाऱ्याचं. शब्दाचं कर्म आपल्या मुलाचं, आणि ते कमी नाही. त्याने नीट पाहिलं का, यजमानाच्या मायेने किंवा साहेबांच्या मर्जीने शब्द वाकवला का, पाहिलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवलं का, शब्द भलतीकडे गेला तेव्हा पुन्हा बोलला का, एवढा हिशेब त्याचा. तो चोख असूनही माणसं गेली, तर दुःख होईल. झालंच पाहिजे. विदुरालाही झालं असणार. पण दुःख वेगळं आणि दोष वेगळा. दुःख असताना माणूस झोपू शकतो. दोष मनात असला, तर गादी कितीही मऊ असो, झोप येत नाही.

कोणी विचारेल, ऐकतच नसतील तर नोकरी सोडावी का? सगळ्यांना एकच उत्तर नाही. ब्लड परत गेले, पण सेवेत राहिले. भागवतातला विदुर, दुर्योधनाने अपमान केल्यावर, धनुष्य दारात ठेवून तीर्थयात्रेला निघून गेला. एक खूण सांगता येईल. जोवर आपल्याला खरं लिहू देतात, भले ते बाजूला ठेवोत, तोवर थांबण्यात अर्थ आहे, कारण पुढची बस कधी सुटायची असेल सांगता येत नाही. आपल्याच हातून खोटं लिहून घ्यायला लागले, की दाराकडे बघावं.

*आणि आपण?*

आपल्यातले फार थोडे दूतावासात बसतात. पण सल्लागार आपण सगळेच. भाचीच्या स्थळाबद्दल मत विचारलं जातं. ऑपरेशन करावं की नाही, गावाकडची जमीन विकावी की नाही, मुलाला बाहेर पाठवावं की नाही, असे फोन येतात. निर्णय त्यांचा, शब्द आपला. 'मुलगा चांगला आहे' म्हणताना आपण त्याला पाहिलंय, की त्याच्या मावशीकडून ऐकलंय, की नुसता फोटो बघून वाटलंय, हे सांगतो का? मावशीशी संबंध बिघडतील म्हणून एखादी गोष्ट मऊ करतो का?

आणि या गटावरही. औषधाचा, दंग्याचा, बँक बुडाल्याचा एखादा निरोप येतो, आणि आपण पुढे पाठवतो. ते पाठवणं हाही सल्लाच आहे. न पाहिलेलं, न पडताळलेलं, कोणाकडून आलं तेही माहीत नसलेलं, आणि वर आपलं नाव.

म्हणून या महिन्याच्या उपासनेत घरच्या मंडळींनी मिळून एवढं करून पाहावं. कोणी सल्ला मागितला, किंवा काही पुढे पाठवायचा मोह झाला, तर बोटं हलण्याआधी एकदा गुरुस्मरण करावं आणि स्वतःला विचारावं: पाहिलं, ऐकलं, की वाटलं? मुलांनाही हा खेळ शिकवावा. त्यांना तो फार लवकर जमतो, आणि मग ती आपल्याला पकडतात.

वाणीची ही सेवा श्रीगुरुचरणी अर्पण असो. दूरदेशी असं काम करणाऱ्या आपल्या सर्व मुला-मुलींना माउली निर्मळ दृष्टी आणि खरं बोलायचं बळ देवोत.

॥ शुभं भवतु ॥